ऑफिसात कोण आपणहून मदत करतो हे त्याच्या गावावर ठरतं का? अप्रेझलमध्ये मार्क कसे द्यायचे?

बेलापूर_डॉक्स

नमस्कार मंडळी, जरा लांबलचक आहे पण कुणीतरी नीट वाचून सांगा. मी बेलापूरला एका कस्टम्स क्लिअरन्सच्या ऑफिसात एक्स्पोर्ट डॉक्युमेंटेशनची टीम बघते. शिपिंग बिलं फाइल करायची, चेकलिस्ट पार्टीकडून अप्रूव्ह करून घ्यायची, व्हीजीएम (भरलेल्या कंटेनरचं पडताळलेलं वजन), फॉर्म तेरा (कंटेनर पोर्टच्या गेटमधून आत न्यायचा कागद), आणि हे सगळं न्हावाशेवा पोर्टच्या कट-ऑफच्या आत, म्हणजे जहाजासाठी माल घ्यायची वेळ संपायच्या आत. ज्यांनी हे काम केलंय त्यांना माहितीये की दोन-तीन जहाजांचे कट-ऑफ एकाच संध्याकाळी आले की काय होतं ते.

टीममध्ये सगळीकडची माणसं आहेत. बीडचा एक मुलगा, जौनपूरचा एक, कोलकात्याहून नवऱ्याच्या बदलीमुळे आलेली एक मॅडम, नेरुळमध्येच जन्मलेली मल्याळी मुलगी, चिपळूणकडचे सीनियर काका, उरणकडची स्थानिक मुलगी, अजून दोघं-तिघं. यंदा अप्रेझलच्या फॉर्ममध्ये एक नवीन कॉलम आलाय, "नेमून दिलेल्या कामापलीकडचं सहकार्य", पाचपैकी मार्क. मार्क मी द्यायचे.

मीटिंगमध्ये आमचे मॅनेजर म्हणाले की बाहेरची माणसं आपलं टेबल रिकामं झालं की निघतात, ऑफिस आपलं मानत नाहीत. लगेच अकाउंट्सचे साहेब म्हणाले उलटंच आहे, आपली मराठी मुलं साडेसहाला बॅग उचलतात आणि यूपीवाला रात्रीपर्यंत बसतो. दोघंही एकदम खात्रीने बोलत होते.

मला जे दिसतं ते असं. बीडचा मुलगा कुणाचंही अडलं तर उठून जातो, मार्चएंडला तर ठाण्याच्या शेवटच्या गाडीपर्यंत दुसऱ्याची बिलं भरत बसला होता. कोलकात्याच्या मॅडम साडेसहाच्या पुढे एक मिनिट थांबत नाहीत, पण त्यांनी एक फाइल करून ठेवलीये, कुठल्या पार्टीच्या इनव्हॉइसमध्ये नेहमी काय चुकतं याची, कोण नेट वजन आणि ग्रॉस वजन उलटं टाकतं, कोण पोर्ट कोड जुना लिहितं, आणि ती फाइल सगळी टीम रोज उघडते. जौनपूरचा मुलगा आझमगढहून आलेल्या दोन नव्या पोरांना मनापासून शिकवतो, बाकी कुणाकडे वळून बघत नाही. आता यांना मार्क कसे द्यायचे? माणूस कुठून आलाय याचा मदतीशी खरंच संबंध असतो का, की आपणच आपल्या मनातलं चिकटवतो? एखाद्याची वर्षाची पगारवाढ यावर ठरणारे म्हणून विचारतेय, गप्पा म्हणून नाही.

सानपाडा_एचआर

ताई, तुमच्या त्या कॉलमला अभ्यासात ऑर्गनायझेशनल सिटिझनशिप बिहेवियर म्हणतात, थोडक्यात ओसीबी. डेनिस ऑर्गन नावाचे अमेरिकेतले प्राध्यापक, त्यांनी आणि त्यांच्या सोबतच्यांनी १९८३ मध्ये हे नाव रुळवलं आणि मग १९८८ मध्ये त्याचे पाच प्रकार मांडले. सहकाऱ्याला हात देणं हा त्यातला फक्त एक. बाकीचे म्हणजे, दुसऱ्याची पुढे अडचण होऊ नये म्हणून आधीच कळवून ठेवणं, कुणी बघत नसतानाही काम चोख करणं, बारीकसारीक गैरसोयींची कुरकुर न करणं, आणि कंपनीच्या बऱ्यावाईटात लक्ष घालणं, म्हणजे मीटिंगला येणं, सुचवणं, वेळ पडली तर चुकतंय असं बोलून दाखवणं. तुमच्या मॅनेजरांच्या डोळ्यांसमोर यातला फक्त पहिला आहे, तोही साडेसहानंतरचाच. कोलकात्याच्या मॅडमची फाइल म्हणजे दुसऱ्या प्रकाराचा अगदी चोख नमुना आहे आणि ती मोजलीच जात नाहीये.

आता मूळ प्रश्न, गाव-प्रांत-संस्कृतीचा. संबंध आहे, पण "अमुक लोक मदत करतात, तमुक करत नाहीत" असा नाही. पहिली गोष्ट म्हणजे काम कुठे संपतं आणि मदत कुठे सुरू होते ही रेघ प्रत्येकाची वेगळी असते. एलिझाबेथ मॉरिसन यांनी १९९४ मध्ये हेच दाखवलं, एकाच ऑफिसात एकाच हुद्द्यावरची दोन माणसं तीच गोष्ट करतात, एकाला ते आपलं कामच वाटतं, दुसऱ्याला वाटतं मी जास्तीचं करतोय. ज्याच्या मनात रेघ लांब आहे तो जास्त करतो आणि वर त्याला त्याचं काही विशेषही वाटत नाही, त्यामुळे तो स्वतःच्या फॉर्ममध्ये लिहीतही नाही. ही रेघ कुठे पडते ते तुम्ही कुठल्या घरात, कुठल्या पहिल्या नोकरीत वाढलात यावर बरंच अवलंबून असतं.

दुसरी गोष्ट, मदत म्हणजे काय याचीच यादी देशागणिक बदलते. तैवानमध्ये १९९७ मध्ये फार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथल्याच माणसांना विचारून यादी केली, तर सहकाऱ्याला मदत, चोख काम हे अमेरिकेसारखं निघालं, पण त्याशिवाय आपसात सलोखा राखणं आणि कंपनीच्या वस्तू-पैशाची काळजी घेणं हेही निघालं, ते अमेरिकन यादीत नव्हतंच. पुढे २००४ मध्ये चीनमध्ये केलं तर कामाची जागा स्वच्छ ठेवणं, स्वतःहून नवीन शिकणं असलेही प्रकार आले. म्हणजे फॉर्म ज्याने बनवला त्याची यादी त्यात उतरते. तुमच्या चिपळूणच्या काकांकडे एकदा बघा, मला खात्री आहे ते दोन भांडणाऱ्यांच्या मधे पडून मिटवत असणार, दिवे-एसी बंद करून जात असणार. कॉलममध्ये ते कुठे बसतं?

तिसरी, आणि जौनपूरच्या मुलाला लागू पडणारी. हॉफस्टेड यांच्या जुन्या मोजणीत व्यक्तिवादात अमेरिकेला ९१ आणि भारताला ४८ होते, म्हणजे आपण जास्त समूहाने जगणारे. लोक त्यावरून समजतात की मग आपण जास्त मदत करणारे. पण समूहाने जगणारा माणूस *आपल्या* माणसाला जीव तोडून मदत करतो, परक्याच्या बाबतीत तो तितकाच थंड असू शकतो. प्रश्न असा की ऑफिसात "आपलं" कोण. आणि शेवटचं, हे आकडे देशांच्या सरासरीचे आहेत, ते एका माणसाच्या कपाळावर चिकटवायचे नसतात. हॉफस्टेड स्वतःही तेच सांगायचे.

स्पष्टच_बोलतो

एवढं कशाला. माणसामाणसावर असतं. मी कळवा, रबाळे, तळोजा तिन्हीकडे काम केलंय, मदत करणारे सगळ्या प्रांतांत बघितले आणि अंग चोरणारेही सगळ्या प्रांतांत. ऑफिसात प्रांत आणला की उद्या जात येणार, मग काय. ताई तुम्ही गाव बघूच नका, काम बघा.

कोपरखैरणे_पाटण

दादा, तुमचं मन बरोबर आहे पण गाव बघूच नका म्हटलं तर जे खरं घडतं तेही दिसायचं नाही. माझं ऐका.

माझे वडील माथाडी. मूळ पाटण तालुका, सातारा जिल्हा. आधी मशीद बंदरला आणि मार्केट इकडे आल्यावर वाशीच्या कांदा-बटाटा मार्केटला. आमच्या कोपरखैरण्याच्या माथाडी वसाहतीत अर्धी घरं पाटण-जावळी-कोरेगावची, एकाने दुसऱ्याला आणलेला. माथाडीत काम टोळीचं असतं, गाडी खाली केली की वाराई, म्हणजे माल उतरवायची मजुरी, टोळीच्या नावावर, मग ती सगळ्यांत वाटली जाते. १९६९ चा माथाडी कायदा आला, अण्णासाहेब पाटलांनी लढून आणला, त्यानंतर मजुरी बोर्डातून यायला लागली, पण हिशेब टोळीचाच राहिला. आता यात मदत कशी चालायची बघा. एखाद्याची पाठ धरली असेल तर बाकीचे त्याला वरची थप्पी लावायला द्यायचे, खालून गोणी दुसरा उचलून द्यायचा. नवीन पोरगं आलं की त्याला पहिले दिवस जड बारदान द्यायचे नाहीत, हुक कसा मारायचा, गोणी मानेवर कुठे टेकवायची, ते शेजारी उभं राहून दाखवायचे. कुणी सांगितलेलं नसायचं. आम्ही पोरं सुट्टीत डबा द्यायला जायचो तेव्हा हे डोळ्यांनी बघितलंय.

पण शेजारच्या गाळ्यावर दुसरी टोळी, तीही साताऱ्याचीच, कधी कधी शेजारच्या गावची, त्यांची गाडी अडली तर कुणी हलायचं नाही. माणसं तीच, माती तीच, संस्कार तेच. मग मदत कशावर ठरली? टोळी कुणाची आणि पैसे कुठल्या हिशेबात यावर. गावाने काय केलं तर टोळीत कोण असणार ते ठरवलं, कारण नव्या माणसाची हमी गावचा माणूस घ्यायचा. त्याने कामचुकारपणा केला तर हमी घेणाऱ्याची मान खाली.

आता तुमचा जौनपूरचा पोरगा घ्या. त्या दोन आझमगढच्या पोरांची हमी बहुतेक त्यानेच घेतलीये, नोकरीला लावून दिलंय, खोलीही त्याच्याचकडे असेल. ते चुकले तर शब्द त्याचा जातो. म्हणून तो त्यांना शिकवतो. बाकीच्यांचं चुकलं तर त्याला कोण विचारणार? आणि उलट बाजूने, बाकीच्यांनी त्याला कधी आपल्या चहाला बोलावलंय का तेही बघा. मी त्याला आपमतलबी म्हणणार नाही. माझ्या वडिलांनी आयुष्यभर तेच केलं आणि त्यावर आमची चार घरं उभी राहिली.

पाळणाघर_नेरुळ

मी नेरुळला सेक्टरमध्ये पाळणाघर चालवते, ऑफिसातलं मला फार कळत नाही, पण साडेसहाची गोष्ट वाचली आणि राहवलं नाही.

माझ्याकडे येणाऱ्या मुलांत दोन सरळ गट आहेत. ज्यांचे आजी-आजोबा इथे, निदान ठाणे-डोंबिवलीत आहेत, त्या आया फोन करतात की आज उशीर होतोय, सासरे येतील घ्यायला. आणि ज्या बाहेरून आल्यात, कोलकाता, लखनौ, पण लातूर आणि नागपूरही हं, त्यांच्याकडे फोन करायला कुणी नाही. मी साडेसातला बंद करते, कारण माझ्याकडच्या मावशींना पुढे तळोज्याला जायचं असतं. त्या आया बेलापूरहून, महापेहून धावत येतात, सात सत्तावीसला दारात चपला काढतात, श्वास लागलेला असतो. एकीने मला सांगितलं होतं की लोकलमध्ये उभ्या उभ्या ती ऑफिसचे मेसेज निपटवते, कारण तिथे थांबता येत नाही याची तिला बोचणी लागते.

तुमच्या त्या मॅडमचं मला माहीत नाही, मूल आहे की नाही तेही. पण परक्या गावात आलेल्या बाईकडे सगळ्यात कमी काय असतं तर संध्याकाळ. माहेर-सासर दोन्ही गेलेलं, शेजार अजून झालेला नाही. ती फाइल तिने दुपारच्या वेळात केली असेल, कारण तिच्याकडे देण्यासारखा तोच वेळ होता. आणि बीडचा मुलगा चांगलाच आहे, त्याचं कौतुकच, पण तो रात्री थांबू शकतो कारण बहुतेक खोलीवर त्याची वाट बघणारं कुणी नाही. दोघंही घर सोडून आलेले. एकाला त्यामुळे वेळ मिळाला, दुसरीचा गेला.

सानपाडा_एचआर

पाळणाघरवाल्या काकू, हा मुद्दा अभ्यासातही असा सरळ मांडलेला मी क्वचितच वाचलाय. यात एक भर घालते. न्यूयॉर्कमध्ये मॅडेलिन हाइलमन आणि ज्युली चेन यांनी २००५ मध्ये एक प्रयोग छापला, पुरुषाने सहकाऱ्याला मदत केली तर त्याचं मूल्यमापन वर जातं, बाईने तीच मदत केली तर फारसं जात नाही, आणि मदत केली नाही तर मात्र तिचं खाली येतं, पुरुषाचं येत नाही. म्हणजे बाईने मदत करावी हे गृहीतच धरलेलं असतं. मार्क देताना हे डोक्यात ठेवावं लागतं, नाहीतर नकळत तसंच होतं.

घोडबंदर_रिटर्न

मी काही वर्षं जर्मनीत स्टुटगार्टजवळ गाड्यांचे पार्ट बनवणाऱ्या कंपनीत होतो, आता परत ठाण्यात, घोडबंदर रोडला. तिथे मीच बाहेरचा होतो, त्यामुळे दुसऱ्या बाजूने सांगतो.

तिथे पहिल्या महिन्यांत वाटायचं की ही माणसं कोरडी आहेत. कुणी येऊन विचारत नाही, जेवलास का, काम जमतंय का, काहीच नाही. मग एकदा एका टेस्ट रिपोर्टमध्ये अडलो आणि शेजारच्याला विचारलं, तर त्या माणसाने स्वतःचं काम बाजूला ठेवून अर्धा दिवस दिला, वहीत आकृती काढून समजावलं, दुसऱ्या दिवशी जुना रिपोर्ट शोधून आणून दिला. तिथे न विचारता दुसऱ्याच्या टेबलात डोकावणं म्हणजे "तुला येत नाही" असं म्हणण्यासारखं मानतात. विचारलंस तर दार सताड उघडं. आपल्याकडे बरोबर उलट, विचारायला लागलं म्हणजे कमीपणा, समोरच्याने ओळखून यावं. आता असा एक माणूस तिथून आपल्याकडे आला तर आपण त्याला आपमतलबी म्हणू आणि आपला माणूस तिथे गेला तर ते त्याला नाक खुपसणारा म्हणतील. दोघंही मदत करायला तयारच असतात.

माझ्या टीममध्ये एक तुर्की घरातला मुलगा होता, आजोबा कामगार म्हणून आले होते, जर्मनी-तुर्कस्तानचा १९६१ चा करार झाला त्या काळात. हा तिथेच जन्मला-वाढला. ऑफिसच्या कामात तो अगदी जर्मन, विचारलं तरच सांगणार, वेळेला निघणार. पण मी नवीन होतो तेव्हा घर शोधायला, नगरपालिकेत नाव नोंदवायला, सेकंडहँड कपाट उचलून जिने चढवायला तोच आला होता, न सांगता. एकाच माणसात दोन्ही नीट नांदत होतं, फक्त कुठे काय ते त्याला पक्कं माहीत होतं.

जॉन बेरी नावाचे कॅनडातले मानसशास्त्रज्ञ आहेत, त्यांनी स्थलांतरित माणसाच्या चार वाटा सांगितल्यात. आपलंही धरायचं आणि नव्या जागेतही मिसळायचं, किंवा आपलं सोडून पूर्ण त्यांच्यासारखं व्हायचं, किंवा आपल्यातच राहायचं, किंवा दोन्हीकडून तुटायचं. पहिली वाट सहसा माणसाला मानवते असं ते म्हणतात, पण ती घ्यायची तर समोरच्या समाजाने जागा द्यावी लागते. एकट्या आलेल्या माणसाच्या हातात ते नसतं. तुमचा जौनपूरचा मुलगा तिसऱ्या वाटेवर आहे असं दिसतंय, आणि पाटणकर म्हणतात तसं, चहाला कुणी बोलावलंय का हा प्रश्न आधी.

जासईची_लेक

सगळे बाहेरून आलेल्यांचं बोलताय, मी जे इथलेच आहेत त्यांचं बोलते. मी आगरी, उरण तालुका. नवी मुंबई वसवणारी सरकारी कंपनी सिडको १९७० ला आली आणि पंचाण्णव गावांची जमीन घ्यायला काढली. १९८४ च्या जानेवारीत दि. बा. पाटील साहेबांच्या नेतृत्वाखाली आंदोलन झालं त्यात आमचे पाच शेतकरी गोळीबारात गेले, त्यातून घेतलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित जमीन परत द्यायची योजना आली. आमच्या घरी भात होता, मिठागर होतं. आता त्याच जमिनीवरच्या यार्डाच्या बाजूला मी सीएफएसच्या, म्हणजे पोर्टबाहेर कंटेनर ठेवतात-भरतात त्या जागेच्या, ऑफिसात नोकरी करते. म्हणजे गाव न सोडता आम्ही परके झालो, आजूबाजूचं सगळं बदललं.

ऑफिसात माझ्याकडे काय येतं माहितीये का. गेटवर गाडी अडली, तू बोल. ट्रेलरवाला ऐकत नाही, तुझ्या गावचा आहे, तू बोल. रस्त्यावर आंदोलन आहे, कुठून गाड्या सोडायच्या, तू विचार. पावसात नेरुळ-उरण गाडी बंद पडली तर कुणाला घरी जेवायला न्यायचं, मीच. मी करते, मला बरंही वाटतं, आमच्याकडे दारात आलेल्याला पाणी विचारल्याशिवाय पाठवत नाहीत. पण हे सगळं कुणाच्या हिशेबात नाही, कारण "ती लोकल आहे, तिला काय कठीण". एका वर्षी माझ्या फॉर्मवर लिहून आलं की सहकार्य सर्वसाधारण. त्याच वर्षी मी दोनदा रात्री अकराला फोनवरून गाडी सोडवली होती.

आणि एक, मी मीटिंगमध्ये काही चुकतंय म्हटलं की लगेच "लोकल लोकांचं हे असंच" होतं. सानपाडाताईंनी बोलून दाखवणं हाही मदतीचा प्रकार सांगितला ना, तो आमच्याकडून आला की त्याला दादागिरी म्हणतात. तुमच्या उरणच्या मुलीचं तुम्ही नावापलीकडे काही लिहिलंच नाहीत ताई, म्हणून विचारते, तिच्याकडे काय काय जातं ते एकदा बघाल का?

बेलापूर_डॉक्स

जासईताई, बघितलं. तुम्ही म्हणालात तसंच निघालं, पोर्टच्या गेटवरचे सगळे फोन तिच्याच मोबाइलवर जातात, स्वतःच्या रिचार्जने.

मी या आठवड्यात एक केलं. सगळ्यांना एक कोरा कागद दिला आणि विचारलं, गेल्या महिन्यात तुमचं काम अडलं तेव्हा तुम्ही कुणाकडे गेलात आणि त्यांनी नेमकं काय केलं, दोन ओळी लिहा. कोण चांगलं, कोण वाईट असं काही विचारलं नाही. कोलकात्याच्या मॅडमचं नाव जवळजवळ सगळ्या कागदांवर आलं, एकाने लिहिलं की त्यांच्या फाइलमुळे एका पार्टीचं बिल अमेंडमेंटला जायचं वाचलं. बीडच्या मुलाचंही आलं. चिपळूणच्या काकांचं नाव त्या मल्याळी मुलीने लिहिलं, ओणमच्या दिवशी तिला सुट्टी मिळावी म्हणून त्यांनी तिची दोन जहाजं आधीच उरकून ठेवली होती आणि गणपतीत ते गावी गेले तेव्हा तिने त्यांचं सगळं टेबल सांभाळलं, हा व्यवहार त्या दोघांत किती वर्षं चाललाय, मला पत्ता नव्हता.

आणि जौनपूरचा मुलगा. बीडच्या मुलाने लिहिलंय की त्याने एकदा माझ्या कंटेनर नंबरातली चूक पकडली. तुम्हाला माहितीये, कंटेनर नंबरात चार अक्षरं, सहा आकडे आणि शेवटचा सातवा आकडा पडताळणीचा असतो, आधीच्यांवरून तो काढता येतो. याने चेकलिस्टवर नजर टाकून सांगितलं की हा शेवटचा आकडा जुळत नाहीये, आणि खरंच आधीचे दोन आकडे उलटे टाइप झाले होते. तसंच गेलं असतं तर कंटेनर गेटवर लटकला असता. पण त्याने ते मोठ्याने सांगितलं नाही, बीडच्या मुलाच्या कानात सांगितलं, कारण चेकलिस्ट सीनियरने पास केलेली होती. मी त्याला विचारलं की सगळ्यांसमोर का नाही बोललास, तर म्हणाला, मॅडम, मैं नया आदमी हूँ. त्याला इथे तीन वर्षं होऊन गेलीत.

आता अडचण अशी की मॅनेजर साहेबांनी दुसरंच काढलंय. पुढच्या महिन्यापासून कट-ऑफच्या दिवशी सगळ्यांनी साडेआठपर्यंत थांबायचं, "टीम स्पिरिट" म्हणून, ओव्हरटाइम नाही, आणि थांबणाऱ्याला त्या कॉलममध्ये मार्क. यावर काय बोलू?

सानपाडा_एचआर

"मैं नया आदमी हूँ" हे वाचून वाईट वाटलं. वरिष्ठांपुढे न बोलण्याची सवय आपल्या देशातच आहे, हॉफस्टेडच्या मोजणीत अधिकारातलं अंतर मानण्यात भारत ७७ ला आणि अमेरिका ४० ला होती, त्यात परक्या शहरातला माणूस असला की ती दुप्पट होते. त्याने कानात सांगितलं हेही पुष्कळ आहे.

सक्तीच्या थांबण्यावर साहेबांना एवढं सांगा की हैफा विद्यापीठातल्या एरान विगोदा-गडोत यांनी २००६-०७ च्या सुमारास याच गोष्टीवर काम केलंय, वरिष्ठांच्या दबावाखाली करवून घेतलेली "स्वेच्छेची" मदत. ताण वाढणं, नोकरी सोडायचा विचार, कामात ढिलाई, या सगळ्याशी तिचा संबंध त्यांना सापडला. आणि तुमच्याकडे तर त्या नियमाने मॅडम पहिल्या बाद होतील, ज्यांचं नाव सगळ्यांच्या कागदावर आहे. थांबायची खरंच गरज असेल तर ते कामच आहे, मग त्याची पाळी लावा, पैसे द्या, आणि ज्याला संध्याकाळी जमत नाही त्याला सकाळी आठची पाळी द्या. कॉलम वेगळा ठेवा.

कोपरखैरणे_पाटण

आणि ताई, मार्कांच्या आधी टेबलं बदला. आझमगढची दोन पोरं आणि जौनपूरचा एका कोपऱ्यात बसत असतील तर ती टोळी तुम्हीच करून दिलीये. जहाजाप्रमाणे जोड्या लावा, एक जहाज दोघांचं, दोघं वेगवेगळ्या मुलुखातले, आणि बिल परत आलं तर दोघांच्या नावावर, वेळेत गेलं तरी दोघांच्या नावावर. त्याच्याबरोबर काकांना बसवा. महिनाभरात त्याला कानात सांगायला लागायचं नाही.

स्पष्टच_बोलतो

हे पटलं. फक्त एक विचारतो, त्या कागदांवर नावं होती का लिहिणाऱ्याची? कारण साहेबांच्या हातात गेले तर पुढच्या वेळी कुणी खरं लिहिणार नाही.

बेलापूर_डॉक्स

नावं होती, पण कागद माझ्याच ड्रॉवरमध्ये आहेत, साहेबांना मी फक्त कुणी काय मदत केली तेवढं उतरवून दिलंय. सोमवारपासून जहाजवार जोड्या लावतेय, काका आणि जौनपूरचा मुलगा पहिली जोडी, काका लगेच हो म्हणाले. पोर्टच्या फोनसाठी ऑफिसचा वेगळा मोबाइल मागितलाय, तो मंजूर झाला. सकाळच्या पाळीचं साहेब अजून "बघू" म्हणतायत, मंगळवारी परत भेटणारे. कुणाच्या ऑफिसात अशी सकाळची पाळी सुरू असेल तर ती कशी लावलीत ते इथे लिहा, मला त्यांच्यासमोर काहीतरी चालू असलेलं दाखवायचंय.